युरोपचा पैसा, कॉलेजची रजा आणि ८३.४ टक्के

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं पत्र आहे. वय ३७, पीएचडी २०२० ची, आधी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, वर्षं काढली, मग पर्मनंट झाल्या, त्याला आता साडेतीन वर्षं झाली. विषय द्राक्षावर राहिलेले औषधांचे अंश ओळखणारा स्वस्त कागदी सेन्सर. पोर्तुगालमधल्या एका लॅबसोबत त्यांनी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपचा अर्ज केला, फेब्रुवारीत निकाल लागला, ८३.४ टक्के पडले पण पैसे नाहीत. तिथले प्रोफेसर म्हणतात पुन्हा करू. सासूबाई म्हणतात परक्या देशाचं सरकार आपल्याला फुकट पैसे कशाला देईल, काहीतरी गोम असणार. नवऱ्याचा विरोध नाही पण 'दोन वर्षं' ऐकलं की तो गप्प होतो, मुलगा पहिलीत आहे. प्राचार्य म्हणाले, जायचं असेल तर राजीनामा द्या. एक कन्सल्टंट पंच्याहत्तर हजारात 'विनिंग प्रपोजल' लिहून देतो म्हणतोय. त्यांचा प्रश्न: "पर्मनंट नोकरी सोडून या लॉटरीच्या मागे लागू, की आपली लायकीच तेवढी म्हणून गप्प बसू?"

मॅडम,

तुम्ही पत्रासोबत प्रपोजल आणि निकालाचा रिपोर्ट पण पाठवलात ते फार बरं केलं, नाहीतर अशा पत्रांना नुसतंच 'धीर धरा' लिहावं लागतं. सगळं वाचून जे वाटलं ते आधी सांगून टाकते. तुम्ही दोन ठिकाणी मागायला गेलात, एकदा ब्रसेल्सकडे आणि एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये, आणि दोन्हीकडे हात जोडून, म्हणजे त्यांनी दिलं तर उपकार आणि यांनी सोडलं तर उपकार. माझ्या मते दोन्हीकडे तुम्ही उपकार मागत नाही आहात, आणि प्रपोजलमध्ये मार्क जिथे गेलेत ते पण याच सुरामुळे गेलेत. युरोपला जाच असं मी म्हणत नाहीये हां, तो प्रश्न अजून आलेलाच नाही.

आधी मार्क. या कॉलला, म्हणजे अर्जांच्या फेरीला, पास व्हायला ७० टक्के लागतात, तुम्हाला ८३.४ आहेत. पण पास होणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं, नेट-सेट झालेली किती माणसं सीएचबीवर बसलीयत हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२४ च्या कॉलला १०,३६० अर्ज आले होते. तुमच्या वेळी, २०२५ ला, १७,०५८. एका वर्षात दीडपटीहून जास्त, आणि बजेट मात्र आदल्या वर्षीच्या ४१७ दशलक्ष युरोवरून ४०४ वर आलेलं. तेवढ्यात साधारण सोळाशे जण बसतात, म्हणजे दहातला एक सुद्धा धड नाही. अमेरिकेत संशोधनाच्या पैशाला कात्री लागली म्हणून गर्दी इकडे वळली, एआयमुळे कुणीही अर्ज लिहायला लागलं, लोक कारणं वेगवेगळी सांगतात, खरं दोन्ही असेल. परिणाम एवढाच की बहुतेक पॅनेलांचा कट-ऑफ आता नव्वदीच्या वर असतो आणि त्या उंचीवर एका-दोन मार्कांचा फरक कुणाच्या हातात तुमचा अर्ज पडला यावरही ठरतो. त्यामुळे 'लॉटरी' म्हणालात ते अर्धं खरं आहे. पण लॉटरी नव्वदीच्या वर सुरू होते, ८३ पासून तिथपर्यंतचा रस्ता लिहिण्याचा आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

आता रिपोर्ट उघडून समोर ठेवा. एक्सलन्सला (संशोधनाचा दर्जा) ४.३, इम्पॅक्टला (परिणाम) ४.०, इम्प्लिमेंटेशनला (अंमलबजावणी) ४.१, प्रत्येकी पाचपैकी. वजन अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के. समजा एक्सलन्सला हात न लावता फक्त इम्पॅक्ट ४.७ वर नेलात तर एकूण ८७.६ होतात. ८५ गाठले की पैसे नाही मिळाले तरी सील ऑफ एक्सलन्स नावाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि काही देशांत किंवा संस्थांत ते दाखवून दुसरीकडून पैसा उभा करता येतो. कट-ऑफ गाठायचा तर तिन्ही रकाने वर यायला हवेत, पण सगळ्यात स्वस्तात वर येणारा रकाना इम्पॅक्टचा आहे. तिथे परीक्षकांनी काय लिहिलंय? की परिणाम मोघम सांगितलेत, आणि एक्सलन्सखाली असं की उमेदवाराकडून होस्ट लॅबला, म्हणजे तुम्हाला ठेवून घेणाऱ्या लॅबला, काय मिळणार हे पुरेसं स्पष्ट नाही. या दोन ओळी म्हणजे तुमचं पुढच्या अर्जाचं सगळं काम आहे असं समजा.

तुमच्या इम्पॅक्टच्या पानाची सुरुवात अशी आहे की या संशोधनाचा शेतकऱ्यांना आणि समाजाला मोठा उपयोग होईल. मॅडम, तुम्ही सांगली जिल्ह्यात बसून हे वाक्य लिहिलंत! २०१० चा हंगाम तासगाव-पलूसकडे कुणालाही विचारा. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, वेलीची फुटवाढ रोखायला मारायचे, त्याचे अंश युरोपात सापडले आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले, निर्यातदार आणि शेतकरी दोघंही त्यात भरडले गेले. आपली युरोपला जाणारी द्राक्षं सगळ्यात जास्त नेदरलँड्सला उतरतात आणि तिथून पुढे पांगतात, म्हणजे तुमच्या कॉलेजपासून काही मैलांवर छाटणीनंतर कोणी काय फवारलं हा तिथल्या दुकानातला प्रश्न असतो. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदप्रणाली २००६ पासून प्लॉटपर्यंत माग काढते, पुण्याच्या मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अंश तपासणीची राष्ट्रीय रेफरल लॅब आहे. यातलं एक अक्षर तुमच्या दहा पानांत नाही. आणि ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा आहे, तुमचा सेन्सर त्या पातळीपर्यंत उतरतो का, की त्याच्या वरच्याच अंशांना दिसतो, हेही कुठे नाही. परीक्षकाला पहिली शंका हीच येणार. उतरत नसेल तर तसं लिहा आणि दोन वर्षांत तिथपर्यंत कसं नेणार ते लिहा, तेच तर संशोधन आहे. किंवा असं मांडा की हा सेन्सर मोठ्या लॅबची जागा घेणार नाही, काढणीआधी बागेतच चाळणी लावेल, म्हणजे ज्याचा प्लॉट फेल जाणार आहे त्याला सॅम्पल लॅबला पाठवायच्या आधी कळेल आणि तो थांबेल.

किती प्लॉटवर तपासणार, कुठली चार-पाच औषधं, निकाल कुठल्या मान्यताप्राप्त लॅबच्या मशीनशी ताडून बघणार, द्राक्ष बागायतदार संघाच्या अधिवेशनात कधी दाखवणार, हे आकड्यांत आणि महिन्यांत लिहिलं की तो रकाना ४.० वर राहूच शकत नाही. आणि तुमच्याकडून होस्टला काय मिळणार याचं उत्तरही यातच आहे. पोर्तुगालच्या त्या लॅबला इलेक्ट्रोकेमिस्ट्री तुमच्यापेक्षा जास्त येत असेल, पण उष्ण हवेतली, वर्षातून दोनदा छाटलेली, पंधरा-वीस फवारे बसलेली बाग त्यांनी पाहिलेली नाही, तो माल आणि ती माणसं तुमच्याकडे आहेत. त्यांच्याकडेही द्राक्षबागा आहेतच, वाइनच्या. तुम्ही सगळं प्रपोजल 'मला तिथे हे शिकायला मिळेल, ते शिकायला मिळेल' या सुरात लिहिलंय, विद्यार्थिनी म्हणून. हा निधी सहकाऱ्याला मिळतो.

इथे सासूबाईंच्या शंकेकडे वळते, कारण ती मला अजिबात अडाणी वाटत नाही, उलट घरातला सगळ्यात योग्य प्रश्न त्यांनीच विचारलाय. युरोप कशाला देईल? होरायझन युरोप हा युरोपियन युनियनचा २०२१ ते २०२७ चा संशोधन निधीचा कार्यक्रम, सुरुवातीला ९५.५ अब्ज युरोचा ठरलेला, त्यातले साधारण ६.६ अब्ज मेरी क्युरी योजनांसाठी. या फेलोशिपला देशाचा कोटा नाही, विषय ठरवून दिलेला नाही, अट मुख्य अशी की माणसाने देश बदलायचा. शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही होस्टच्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या नसाव्यात, एवढं तुम्हाला लागू होतं आणि त्यात तुम्ही आरामात बसता. हेतू सरळ आहे, चांगली डोकी आपल्या लॅबमध्ये यावीत, त्यांनी तिथे काम करावं, टॅक्स तिथे भरावा आणि परत गेल्यावरही तिथल्या लॅबशी नातं ठेवावं. ग्रँटचा करार तुमच्याशी होतच नाही, तो त्या पोर्तुगीज संस्थेशी होतो आणि ती तुम्हाला नोकरीवर ठेवते, पगारपत्रक, सुट्ट्या, सोशल सिक्युरिटी सगळ्यासकट. म्हणजे फुकट काहीच नाही. तुम्ही त्यांच्याकडे काम करता आणि ते पगार देतात, हे सासूबाईंना असंच सांगा, पटेल त्यांना.

मधेच एक खुलासा, कारण गुगलवर शोधताना यात लोक हमखास गोंधळतात. 'भारत होरायझन युरोपच्या फंडिंगला पात्र नाही' असं वाचायला मिळतं, ते अनेक संस्थांनी मिळून करायच्या मोठ्या प्रकल्पांबद्दल आहे. तिथे भारतीय संस्थेला आपोआप पैसे मिळत नाहीत, बहुधा स्वतःचे किंवा आपल्या सरकारच्या एखाद्या विभागाचे न्यावे लागतात. तुमची फेलोशिप व्यक्तीची आहे आणि पैसे घेणारी संस्था युरोपातली, त्यामुळे भारतीय पासपोर्टने काही अडत नाही, ही फेलोशिप मिळवणाऱ्यांत भारतीय दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. फक्त ग्लोबल फेलोशिप नावाचा जो दुसरा प्रकार आहे तो युरोपच्या आणि सहयोगी देशांच्या नागरिकांसाठी किंवा तिथे दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी, तिकडे जाऊ नका.

गोम कुठे आहे म्हणाल तर पगाराच्या आकड्यात. २०२३-२४ च्या वर्क प्रोग्रॅममध्ये (योजनेच्या अधिकृत नियमपुस्तिकेत) महिना ५,०८० युरो लिव्हिंग अलाउन्स होता, नंतर वाढलाय. हा आकडा बघून लोक त्याला रुपयाच्या भावाने गुणतात आणि झोप उडवून घेतात. पण आधी त्याला त्या देशाच्या महागाईचा गुणक लागतो, पोर्तुगालचा शंभराच्या खाली आहे, मग त्यातूनच मालकाचा सोशल सिक्युरिटीचा वाटा जातो, मग तुमचा वाटा, मग टॅक्स. हातात येणारी रक्कम बरीच कमी असते, आणि लिस्बन-पोर्तोची भाडी आता पूर्वीची राहिलेली नाहीत. होस्टच्या एचआरला सरळ मेल टाका की लग्न झालेल्या, एक मूल असलेल्या फेलोच्या हातात महिन्याला किती पडतात, ते सांगतात, यात लाजण्यासारखं काही नाही. ६६० युरोचा फॅमिली अलाउन्स आहे आणि तो कुटुंब सोबत आलं नाही तरी लागू होतो, फक्त देश बदलल्याबद्दल मिळणाऱ्या मोबिलिटी अलाउन्ससारखीच त्याच्यावरही कपात होते.

आता प्राचार्य. ते 'राजीनामा द्या' तोंडी म्हणाले आणि तुम्ही त्यावर पत्र लिहिलंत. अर्ज केला होता का रजेचा? पत्रात कुठे दिसला नाही. यूजीसीची २०१८ ची नियमावली डाउनलोड करा आणि रजेचा भाग वाचा. तीन वर्षं सलग सेवा झालेल्या असिस्टंट प्रोफेसरला स्टडी लीव्ह मिळू शकते, परत येऊन किमान तीन वर्षं सेवा देण्याच्या बाँडवर. दुसरी असाधारण रजा, बिनपगारी, आणि तिच्यात फेलोशिप स्वीकारण्यासाठी घेतलेल्या रजेचा स्पष्ट उल्लेख आहे. मिळू 'शकते', मिळतेच असं नाही, हे कबूल. पण कुणी 'नाही' म्हणायचं असेल तर त्याने कागदावर म्हणावं.

तुमच्या बाबतीत मला असाधारण रजा जास्त सरळ वाटते. तिथे तुम्ही पगारी नोकर होणार, इकडचा स्टडी लीव्हचा पगार चालू ठेवून तिकडचा घेतला तर उद्या कुणीतरी ऑडिटला बोट ठेवेल, आणि ते बोट तुमच्याकडे असेल. बिनपगारी रजा, लीन (पदावरचा हक्क) कायम, सेवापुस्तिकेत नोंद, एनपीएसच्या कपातीचं काय होणार याचं लेखी उत्तर. हे प्रकरण प्राचार्य, संस्था, विद्यापीठ आणि जेडी (उच्च शिक्षण सहसंचालक) ऑफिस अशा टेबलांवरून फिरतं, त्यामुळे निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच एक साधं पत्र द्या: मी अमुक फेलोशिपचा अर्ज करत आहे, निवड झाल्यास अमुक रजेसाठी मला कोणती प्रक्रिया करावी लागेल ते कळवावे. आवक क्रमांक घ्या. विद्यापीठाचे स्टॅट्यूट आणि शासनाचे जीआर यात बारीक फरक असतात म्हणून प्राध्यापक संघटनेतल्या एखाद्या जुन्या जाणत्या सरांना सोबत घ्या, असे एकदोन प्रत्येक जिल्ह्यात असतातच ज्यांना कलमं पाठ असतात.

आणि संस्थेशी बोलताना हेही बोला, जरा गोड आवाजात. तुम्ही राजीनामा दिलात तर पद रिक्त होतं, आणि अनुदानित कॉलेजातलं रिक्त पद भरायचं म्हणजे शासनाची परवानगी, रोस्टर, जाहिरात, मुलाखती, अप्रूव्हल, यात किती काळ जातो ते संस्थेला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. रजेवर गेलात तर पद जागेवर राहतं, दोन वर्षं सीएचबीवर तास निघतात आणि नॅकच्या रिपोर्टात युरोपियन युनियनची फेलोशिप लागते. राजीनाम्यात त्यांचाच तोटा जास्त आहे. प्राचार्यांना हे कळत नाही असं नाही, त्यांना बहुधा वर्कलोडची कटकट नकोय, त्यामुळे तासांचं नियोजन तुम्हीच करून न्या.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा, अर्ज करायला राजीनामा लागत नाही. तुम्ही पत्रात प्रश्न असा मांडलाय जणू सप्टेंबरमध्ये अर्ज केला की नोकरी गेली. कॉल साधारण एप्रिल-मेमध्ये उघडतो, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद होतो, निकाल फेब्रुवारीत, आणि निवड झाल्यावरही सुरुवात पुढे न्यायला वर्षभराहून जास्त वाव मिळत आलाय. खरा निर्णय आलाच तर तो तेव्हा येईल, हातात ऑफर असताना, आणि हातात ऑफर असलेल्या माणसाशी प्राचार्य, संस्था, घरचे सगळेच वेगळं बोलतात.

घरच्यांबद्दल मी कमीच बोलते, तुमचं घर तुम्हाला माहीत. फक्त 'दोन वर्षं' हा आकडा कुठून आला? फेलोशिप १२ ते २४ महिन्यांची असते. नवरा गप्प होतो तो कदाचित जाण्यावर नाही, आकड्यावर होत असेल. १५ किंवा १८ महिन्यांचं काम आखून बघा, जून ते पुढच्या वर्षीचा दिवाळीचा काळ, मुलाची एखादी इयत्ता तिकडे किंवा आजीजवळ. परीक्षक कमी महिन्यांचे मार्क कापत नाहीत, काम त्या महिन्यांत बसतं का एवढंच बघतात. २४ लिहायची ही सवय सगळ्यांनाच आहे, जास्त मागितलं तर जास्त मिळेल अशा हिशोबाने.

कन्सल्टंटला पैसे देऊ नका. पंच्याहत्तर हजार परवडत असतील तरी नको. तो तुम्हाला जे लिहून देईल ते याच वर्षी अजून वीस जणांना देईल, आणि तीन तज्ज्ञ वेगवेगळे बसून वाचतात, त्यांना तो तोच तो गुळगुळीत मजकूर ओळखू येतो. एआयने लिहिलेल्याचंही तेच, इंग्रजी सुधारून घ्या खुशाल, पण सीसीसीची गोष्ट त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय येणार नाही. मेरी क्युरी योजनांच्या सल्लागारांचं जाळं असलेल्या एमएससीए-नेटवाल्यांचं हँडबुक फुकट आहे, दरवर्षीच्या कॉलप्रमाणे निघतं, प्रत्येक उपमुद्द्याखाली काय अपेक्षित आहे ते त्यात आहे. युरॅक्सेस इंडियाचे, म्हणजे युरोपच्या संशोधकांसाठीच्या माहितीसेवेचे, वेबिनार फुकट असतात. होस्टच्या संस्थेत ग्रँट ऑफिस असतं, त्यांचं कामच हे आहे, पहिला ड्राफ्ट जुलैच्या शेवटी त्यांच्याकडे गेला पाहिजे, ऑगस्टमध्ये सगळं पोर्तुगाल समुद्रावर असतं आणि तुमच्या मेलला कुणी उत्तर देणार नाही. आणि आधी फेलोशिप मिळालेल्या एखाद्या मराठी माणसाला शोधून त्याचं प्रपोजल मागा, बरेच जण देतात.

पोर्तुगालचा अजून एक फायदा तुम्ही घेतला होता का ते रिपोर्टवरून कळेना. संशोधनाच्या निधीत मागे पडलेले म्हणून युरोपने जे 'वाइडनिंग' देश धरलेत, पोलंड, ग्रीस, चेकिया वगैरे, त्यात पोर्तुगाल येतं. अशा देशातला होस्ट असेल तर त्याच अर्जावर ईआरए फेलोशिपसाठीही विचार होऊ शकतो, मुख्य यादीत नंबर नाही लागला तर दुसरी संधी. अर्जात त्यासाठी टिक करायचा पर्याय असतो, नव्या कॉलमध्ये तो कुठे आणि कसा आहे ते होस्टला विचारा. लोक हा चौकोन न वाचता पुढे जातात, खरंच जातात. आणि २०२२ पासून असा नियम आलाय की ठरावीक टक्क्यांच्या खाली राहिलं तर पुढच्याच कॉलला त्याच होस्टसोबत अर्ज करता येत नाही, सुरुवातीला ही रेषा ७० ची होती. रेषा, पीएचडीनंतरच्या ८ वर्षांची अट, बाळंतपणाच्या आणि खंडाच्या काळाची वजावट, हे सगळं चालू वर्क प्रोग्रॅममध्ये स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. वयाची अट मात्र नाही, ३७ चं दडपण काढून टाका.

आता दुसरी बाजू. समजा तुम्ही ठरवलंत की मुलगा लहान आहे, जायचं नाही, तर सगळं संपलं असं तुम्ही धरून चालला आहात आणि मला ते सगळ्यात जास्त खटकलं. अशाही योजना आहेत ज्यांना तुमची पर्मनंट नोकरी अडचण वाटत नाही, अटच असते. इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरची वायझर नावाची योजना २०२२ पासून आहे, फक्त महिला संशोधकांसाठी, नियमित किंवा दीर्घ मुदतीच्या पदावर असलेल्या. प्रकल्प तीन वर्षांचा, जर्मन जोडीदारासोबत, इथली नोकरी इथेच आणि वर्षातून महिनाभरापर्यंत तिकडे, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बसेल असं. तुमच्या विषयाला जर्मन लॅब मिळणार नाही असं मला वाटत नाही, तुमच्या पोर्तुगीज प्रोफेसरांनाच विचारा ते कुणासोबत पेपर लिहितात. फ्रान्सशी जोडलेलं सेफिप्रा आहे, १९८७ पासूनचं, तिथे संयुक्त प्रकल्प असतात पण कॉलेजातल्या एकट्या माणसाला ते जड जातं, सोबत एखादी राष्ट्रीय लॅब असेल तरच बघा.

तशी लॅब सोबत यावी म्हणून टेअर आहे, राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठीची, एसईआरबी या केंद्राच्या संशोधन निधी मंडळाच्या काळात सुरू झालेली, आता हे सगळं त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे गेलंय. नोकरी न सोडता आयआयटी, आयसर, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अशा ठिकाणी वर्षाला ९० दिवसांपर्यंत जाऊन काम करायचं, तीन वर्षं. पुणे तुम्हाला रात्रीच्या एसटीचं. कॉल कधी निघतो यावर मात्र लक्ष ठेवावं लागतं, वेळापत्रक पक्कं नसतं. मला विचाराल तर मी मेरी क्युरीचा दुसरा अर्ज आणि टेअर दोन्ही लिहीन, कारण दोन्हीचं ७० टक्के काम एकच आहे, तो सेन्सर ०.०१ पर्यंत उतरवणं आणि बागेत नेऊन तपासणं. एनसीएलमध्ये त्यातलं थोडं जरी झालं तर पुढच्या अर्जात प्राथमिक निकाल म्हणून तोच आलेख लागेल, आणि परीक्षकाला त्याहून आवडणारं काही नसतं.

फुलब्राइट-नेहरूबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. त्यांच्या पोस्टडॉक्टरलला पीएचडी ताजी लागते, ती तुमची आता निघून गेली, पण नोकरी करणाऱ्या प्राध्यापकांसाठी वेगळा प्रकार आहे. तिथेही कॉलेजची संमती लागतेच आणि परत आल्यावर दोन वर्षं मायदेशात राहण्याची व्हिसाची अट असते, जी तुम्हाला जाचक नाही कारण तुम्हाला यायचंच आहे.

तर क्रम असा लावा. या आठवड्यात रजेच्या प्रक्रियेचं पत्र, आवक क्रमांकासह. मग पोर्तुगालला मेल, त्यात 'पुन्हा संधी दिल्याबद्दल आभारी आहे' एवढंच नको, रिपोर्टमधल्या दोन ओळी आणि त्यावर तुमचं उत्तर, शिवाय ईआरएबद्दल आणि हातात येणाऱ्या पगाराबद्दल प्रश्न. मांजरीच्या लॅबला जाऊन या एकदा, तुमच्या सेन्सरचे निकाल त्यांच्या मशीनशी ताडून बघायला ते काय अटी घालतात ते विचारा, त्यांचं सहकार्याचं पत्र मिळालं तर इम्पॅक्टचं पान अर्धं तिथेच लिहून झालं. कन्सल्टंटचा नंबर ब्लॉक. घरी फक्त एवढंच सांगा की अर्ज करतेय, फेब्रुवारीत बोलू.

आणि असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या बाकीच्यांसाठी, कारण गेल्या महिन्यात अशी बरीच आली: पीएचडी अजून झाली नसेल तर ही फेलोशिप तुमच्यासाठी नाही, तुम्ही मेरी क्युरीचेच डॉक्टरल नेटवर्क्स बघा, तिथे स्वतः प्रपोजल लिहायचं नसतं, मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या जागा युरॅक्सेसवर जाहिरातीसारख्या येतात आणि थेट अर्ज करता येतो. मास्टर्स बहुतेक ठिकाणी लागतं, देश बदलण्याची १२ महिन्यांची अट तिथेही आहे, आणि अर्जासोबतचं पत्र त्या प्रकल्पाचं पान नीट वाचून लिहा, एकच पत्र चाळीस ठिकाणी पाठवलेलं त्यांना पहिल्या ओळीत कळतं.